बारीक तार आधी

शांतू,

रूथ म्हणाली, "आत्या, मंडळाच्या अंकासाठी बाबांवर दोन पानं लिहून दे. जन्म कुठला, शिक्षण काय, पियानो किती वर्षं वाजवला, स्वभाव कसा होता." मी म्हटलं, जन्म आणि शिक्षण तुझ्याकडे कागदावर आहे, ते तूच घाल. स्वभाव हट्टी होता. झालं.

"एवढंच?" ती म्हणाली.

मग वही घेऊन बसले. चौथीपर्यंत दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत जे अक्षर बसलं, त्याच अक्षरात लिहितेय. चुका तुझी मुलगी काढील. मजकुराला हात लावायचा नाही, असं तिला बजावलंय.

खरं तर मंडळातल्या लोकांना मला काही सांगायचं नाही. तुला सांगायचंय, आणि तू नाहीस. पण ते वाचणार आहेत, म्हणून तुला ठाऊक असलेलं काहीबाही मध्ये लिहावं लागेल. कंटाळू नकोस. तू माझं बोलणं ऐकून जांभया द्यायचास, तेवढी आता सोय नाही.

आई गेली तेव्हा तू दोन वर्षांचा होतास आणि मी दहाची. वडिलांची, म्हणजे दादांची, रेल्वेची पाळी असायची, म्हणून मी शाळा सोडली. त्याचं मला फार दुःख झालं असेल असं लोक धरून चालतात. नाही झालं. मी शाळेत काही मोठी हुशार नव्हते. तुला सांभाळण्यात माझं लग्न राहिलं, असंही म्हणतात. तेही खोटं आहे. दोन स्थळं आली होती, दोन्ही मला आवडली नाहीत. तुझ्या अंगावर नसलेलं ओझं कुणी घालू नये म्हणून लिहून ठेवते.

आपल्या क्वार्टरशेजारच्या अँग्लो-इंडियन बाई ऑस्ट्रेलियाला निघाल्या तेव्हा त्यांची गिटार मला देऊन गेल्या. जायच्या आधी पंधरा दिवस शिकवलं. पहिली तार बारीक, सहावी जाडी, आणि अकरा कॉर्ड. पहिल्या तीन फ्रेटच्या, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या पहिल्या तीन घरांच्या, पुढे त्यांनी मला नेलंच नाही, वेळच नव्हता. त्या तीन फ्रेटवर मी आयुष्य काढलं. प्रार्थनासभेला तेवढं पुरतं.

तुला मात्र पाळकबाईंनी पियानोवर बसवलं. चर्चच्या हॉलमधला तो जुना पियानो, पांढऱ्या पट्ट्या पिवळ्या पडलेल्या. तुझे पाय पेडलला पोचत नव्हते. मी खाली फरशीवर बसून पेडल हातानं दाबायचे. तू वरून म्हणायचास, "ताई, दाब. ताई, सोड." पियानो खालून कसा ऐकू येतो ते फार थोड्या लोकांना माहीत असेल. आधी लाकूड वाजतं, मग तारा, आणि मग सगळं मिळून डोक्यावर पडतं. चांगलं वाटायचं मला. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण तू लगेच आणखी एक तास बसवलं असतंस.

एकोणीस वर्षांचा असताना तू त्याच हॉलमध्ये एक चाल बांधलीस. शब्द नाहीत, नाव नाही. आपण तिला "पहाडगंजवालं" म्हणायचो. पुढे हॉटेलच्या लॉबीत तू इतकी वर्षं लोकांच्या फर्माइशी वाजवल्यास, पण उठायच्या आधी शेवटी हे वाजवायचास आणि झाकण लावायचास. त्या चालीवरून आपलं भांडण सुरू झालं आणि सत्तेचाळीस वर्षं चाललं.

आता वाचणाऱ्यांसाठी. कॉर्ड म्हणजे तीन-चार सूर एकदम. पियानोवर दहा बोटं, प्रत्येक बोटाला आपली पट्टी. गिटारला तारा सहा आणि डाव्या हाताची बोटं चार, अंगठा मागून मान धरून बसलेला. त्यामुळे पियानोची कॉर्ड गिटारवर आणायची तर सूर वरखाली हलवावे लागतात, नाहीतर एखादा टाकावा लागतो. कुठला सूर तळाला, कुठला वर, कोण कोणाच्या शेजारी, याला तू मांडणी म्हणायचास. "सूर तेच राहतात ताई, पण मांडणी बदलली की माणूस बदलतो," म्हणायचास. मी म्हणायचे, पोळ्या जळतायत, लवकर सांग.

चालीच्या चौथ्या ओळीत ती कॉर्ड आहे. तिच्यात तू दोन शेजारच्या पांढऱ्या पट्ट्या एकदम दाबायचास, ज्यांच्यामध्ये काळी पट्टी नसते त्या. एकमेकींना अगदी खेटून. ऐकताना दात आंबल्यासारखं होतं आणि पुढच्या कॉर्डला सुटतं. पियानोवर त्यात काही विशेष नाही. गिटारवर मात्र, निदान माझ्या तीन फ्रेटमध्ये, हे दोन्ही सूर बारीक तारेवरच राहतात. तार मोकळी सोडली की खालचा, पहिल्या फ्रेटवर दाबली की वरचा. आणि एका तारेतून एका वेळी एकच सूर निघतो. म्हणून मी खालचा टाकायचे.

"ताई, तो टाकू नकोस."

"अजून तीन आहेत की."

"पण तोच तर खुपतो."

"खुपतो म्हणूनच टाकला."

"चपलेतला खडा काढलास तू."

"मग काय खडा ठेवून चालू?"

"एक सूर गेला तर कुणाला कळतंय?" हे माझं नेहमीचं. "मला कळतं," हे तुझं. "तुला कळतं म्हणून मी काय पाचवं बोट उगवू?" यावर तू रुसायचास. साठी उलटल्यावरसुद्धा रुसायचास.

दुसरं भांडण लिहिण्याचं. मला सुरांची इंग्रजी अक्षरं येत नाहीत, म्हणून तू मला कॉर्ड आकड्यांत लिहून द्यायचास. सहा तारांचे सहा आकडे, कितव्या फ्रेटवर बोट ठेवायचं ते. मोकळ्या तारेला शून्य, वाजवायची नाही तिला फुली. त्या वह्यांना मी करोल बागेतल्या कामातून उरलेल्या रेक्झिनची कव्हरं शिवली. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवण्यात माझी हयात गेली, तेवढं तरी तुझ्या कामाला आलं. पण तू डावीकडून जाडी तार आधी लिहायचास आणि मी बारीक आधी वाचते.

"पहिली तार बारीक असते. बाईंनी तसंच शिकवलंय."

"खालचा सूर डावीकडे असतो ताई. पियानो बघ. घर पायापासून बांधतात."

"मी घर बांधत नाही. सीट शिवते."

"मग उलटं वाच."

आणि मी उलटं वाचत गेले. पहिली काही वर्षं चिडून, मग सवयीनं. पुढे पुढे तुझं अक्षर दिसलं की माझे हात आपोआप पान फिरवून घ्यायचे, मला विचारायचेसुद्धा नाहीत. हे इथे लक्षात ठेवायचं आहे. पुढे सगळं यावरच येतं.

तू द्वारकेच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलास तेव्हापासून शनिवारी मी करोल बागेहून मेट्रोनं यायचे, गिटार घेऊन. तू घरच्या पियानोवर, मी समोर. एकदा तपासणीतल्या मुलीनं विचारलं, "अम्मा, ये आप बजाती हो?" मी म्हटलं, "नहीं बेटा, इसका एक्स-रे करवाने लाई हूँ." हे तुला सांगितलं तर तू इतका हसलास की खोकला लागला. हसू थांबलं तरी खोकला थांबला नाही. मी पाणी आणलं, पाठ चोळली. तो खोकला वेगळा आहे हे मला तेव्हाच कळलं. मी काही बोलले नाही. तूही बोलला नाहीस. आपल्याकडे ही पद्धतच आहे.

नंतर डॉक्टरांनी फुप्फुसांचं सांगितलं. दिवाळीच्या आधीचा एक शनिवार होता, बाल्कनीत बसलो होतो. वरून विमान गेलं की बोलणं थांबवायचं आणि गेल्यावर तिथूनच पुढे बोलायचं, ही तुझ्या घरची रीत.

"ताई, माझ्या वेळी कब्रस्तानात पियानो येणार नाही."

"नाही येणार."

"तू वाजव. पहाडगंजवालं."

"मी तुझ्याहून आठ वर्षांनी मोठी आहे. रांगेत मी आधी."

विमान गेलं. तू वाट बघितलीस.

"तू आधी गेलीस तर पंचाईत आहे. मला गिटार येत नाही. तेव्हा मीच आधी जातो."

"शहाणा आहेस."

"आणि तो सूर टाकायचा नाही."

"बोटं?"

"बोटांचं मी बघतो."

मला वाटलं, बोलण्यापुरतं म्हणालास. रूथनं नंतर सांगितलं की तू एका मोठ्या कागदावर गिटारची मान काढलीस, सहा तारा आणि बारा फ्रेट, आणि प्रत्येक घरात सूर लिहिलेस. तासन्‌तास त्या कागदावर बोटं ठेवून बसायचास. गिटार तुला धरता येत नव्हती. पट्ट्यांवर वाढलेला माणूस, तारांवर कागदानं चालायला शिकत होता. हॉस्पिटलात जातानासुद्धा तो कागद घडी करून खिशात.

दाखल झाल्यावर पाचव्या दिवशी रूथ वही घेऊन माझ्याकडे आली. शेवटच्या पानावर नऊ कॉर्ड. अक्षर वाकडं, पण आकडे स्पष्ट. "बाबांनी दिलंय. म्हणाले, ताईला सांग, झालं."

त्याच्या आदल्या दिवशी तुझा ताप चढला होता आणि तू मला "आई" म्हणून हाक मारली होतीस. मी ओ दिली नव्हती. ही गोष्ट माझ्या डोक्यात होती.

मी गिटार घेतली आणि पान वाजवून पाहिलं. पहिली कॉर्ड, कचरा. दुसरी, कचरा. चौथ्या ओळीतली ती कॉर्ड लावली तर असा आवाज निघाला की खालच्या मजल्यावरची सरदारीण जिन्यातून ओरडली, "दीदी, क्या गिर गया?" मी तीनतीनदा बोटं तपासली. बोटं तुझ्या आकड्यांप्रमाणेच होती. मग मी ठरवलं की डोकं गेलं. ताप, औषधं, वय. तीन आठवडे बसून लिहिलं आणि सगळं वेडंवाकडं.

हॉस्पिटलात गेले. तुझ्या तोंडावर तो मास्क, गालांना पट्ट्यांचे वळ. सिस्टर म्हणाली, "अम्मा जी, पाँच मिनट. इनको बुलवाना मत." तुला बोलता येत नव्हतं, मला येत होतं. आणि मी बोलले.

काय बोलले ते इथे जसंच्या तसं लिहिते, कारण नाही लिहिलं तर बाकी लिहिण्याला अर्थ नाही. मी म्हटलं, "शांतू, हा सगळा कचरा आहे. तुझं डोकं ठिकाणावर नाही. मी माझ्याच पद्धतीनं वाजवीन, तो सूर टाकून. आता तू त्याची काळजी करू नकोस."

शेवटचं वाक्य मी मायेनं म्हटलं होतं. पण पहिली दोन त्याच्या आधी होती.

तू माझ्याकडे बघितलंस. मग पांघरुणावरचा हात उचललास आणि उलटा केलास. तळवा वर, मग खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. मला वाटलं, जाऊ दे म्हणतोयस. मी म्हटलं, "हो, जाऊ दे." तू डोळे मिटलेस. सिस्टर आली. मी वही पिशवीत टाकून मेट्रोनं घरी आले आणि वाटेत भाजी घेतली.

तिसऱ्या दिवशी तू गेलास.

कब्रस्तानात दहा वाजले तरी ऊन नव्हतं. नोव्हेंबरातली दिल्लीची हवा, समोरच्या रांगेतल्या कबरी दिसत नव्हत्या. पंधरावीस माणसं असतील. मी घडीच्या खुर्चीवर बसून वाजवलं. माझ्या तीन फ्रेटवर, तो सूर टाकून, अगदी व्यवस्थित. एकही चूक नाही. नंतर लोक म्हणाले, "बहुत सुंदर." पाळक म्हणाले, "फारच हृद्य." कुणाला काही कळलं नाही. ज्याला कळलं असतं तो पेटीत होता.

नाताळ झाला. रूथनं करंज्या आणल्या होत्या, विकतच्या. तू असतास तर नावं ठेवून चार खाल्ल्या असत्यास. त्यानंतर एका दुपारी मी तुझ्या वह्या काढल्या. त्या तिला द्यायच्या होत्या. म्हटलं, देण्याआधी शेवटचं पान फाडावं. बापाचं डोकं शेवटी गेलं होतं याचा कागद पोरीच्या हातात कशाला? कव्हराची शिवण उसवली, म्हणजे पान स्वच्छ निघेल. पान चिमटीत धरलं आणि फुल्यांकडे लक्ष गेलं.

जाडी तार बऱ्याचदा वाजवायची नसते. म्हणून तुझ्या लिहिण्यात फुली डावीकडे असते. सत्तेचाळीस वर्षांच्या वह्या, सगळ्या फुल्या डावीकडे. या पानावर एकूण एक फुल्या उजवीकडे होत्या.

मी पान खाली ठेवलं. उठून गॅस बंद केला, चहा चढवला होता तो. परत येऊन बसले. त्या कॉर्डचे आकडे असे आहेत:

० ६ ७ ७ ५ ×

बारीक तार आधी. माझ्यासारखं. शेवटच्या पानावर तू माझ्या पद्धतीनं लिहिलं होतंस, आयुष्यात पहिल्यांदा. आणि माझ्या हातांनी सवयीनं ते उलटवून तुझ्या पद्धतीनं वाचलं. तू माझ्या बाजूला आलास तेव्हा मी तुझ्या बाजूला जाऊन बसले होते. म्हणून चुकामूक झाली. हॉस्पिटलात तू हात उलटा करत होतास तो "जाऊ दे" म्हणून नव्हे.

वर एक ओळ लिहिली असतीस तर काय बिघडलं असतं? "ताई, या वेळी तुझ्यासारखं." एवढं. मला राग येतो तुझा. मग वाटतं, तू म्हटलं असशील, तिला उलटं वाचावं लागू नये म्हणून तर लिहितोय, ते आणखी सांगायचं काय. आपण दोघांनीही एकमेकांसाठी केलेलं कधी सांगितलं नाही. त्याचा हा असा शेवट.

मी ते तसंच वाजवलं, जसं लिहिलंय तसं. तो वरचा सूर तू बारीक तारेवरून काढून शेजारच्या तारेवर नेलास, सहाव्या फ्रेटवर, जिथे मी जन्मात गेले नव्हते. त्यामुळे बारीक तार रिकामी झाली. तिच्यातून खालचा सूर आपोआप येतो. मोकळी तार, शून्य. बोट नाही म्हणून जो सूर मी सत्तेचाळीस वर्षं टाकला, त्याला बोट लागतच नव्हतं.

दोन्ही एकदम वाजले. खेटून. दात आंबले. ही दुसऱ्या कुणाच्याही हातची मांडणी नव्हती. हॉलच्या फरशीवर बसून ऐकल्यासारखं वाटलं, एवढंच लिहिते. रडले वगैरे नाही. चहा गार झाला होता, तो पुन्हा तापवून प्याले.

दुसऱ्या शनिवारी द्वारकेला गेले. फ्लॅट रिकामा करायचाय. पियानोला गिऱ्हाईक नाही. कीर्तीनगरचा एक फर्निचरवाला आतलं यंत्र काढून त्याचं कपाट करतो म्हणतोय, ग्लास-बाटल्या ठेवायचं. रूथ माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, लाकूड आहे, लाकडाचं कपाट होतं. मग झाकण उघडलं आणि त्या दोन पट्ट्या शोधल्या. दोन काळ्यांचा जोड आणि तीन काळ्यांचा गट यांच्या मधल्या दोन पांढऱ्या. एकदम दाबल्या. एकच सूर आला.

पुन्हा दाबल्या. खालची पट्टी नुसती खाली गेली, लाकडावर लाकूड आपटल्यासारखी.

"आत्या, ती वाजत नाही," रूथ म्हणाली.

"कधीपासून?"

"दोन वर्षं तरी झाली. बाबांचा जो ट्यूनर होता ना, दर्यागंजवाला, तो वारला. दुसऱ्यानं बघितलं, म्हणाला पार्ट मिळत नाही."

"मला बोलला नाही."

"बिल्कुल सांगायचं नाही म्हणाले होते. तू आलीस की पेडल जास्त मारायचे, तुला कळू नये म्हणून."

दोन वर्षं, म्हणजे शंभर शनिवार. तू वाजवत होतास, मी समोर बसून ऐकत होते, आणि तो सूर नव्हताच. मला कळलं नाही. एक सूर गेला तर कुणाला कळतंय, हा आपला वाद होता. तो मी जिंकले. तू मला जिंकवलंस आणि सांगितलं नाहीस.

आणि मग बाल्कनीतलं ते बोलणं नीट समजलं. कब्रस्तानात पियानो येत नाही म्हणून तू गिटार सांगत नव्हतास. पियानोत तो सूर उरलाच नव्हता. तुझ्या कानात होता, आणि कानातून काढून कुठे ठेवायचा याची तू जागा शोधत होतास. कागदावर मान आखून शोधत होतास. ती तुला माझ्या बारीक तारेवर सापडली. मी तिला कचरा म्हटलं.

माफी मागत नाही. मागितली तर ती जाणार कुठे? तुझ्या कबरीपुढे जाऊन पुन्हा वाजव, असं रूथ म्हणाली. मी नाही म्हटलं. तिथे दगड आहे. तू पुनरुत्थानावर भरवसा ठेवून गेलास, ते तुझं चांगलं झालं. माझा भरवसा कमी पडतो, हे पाळकांनाही माहीत आहे. तू परत भेटशील आणि मी तुला हे सगळं सांगेन, असं मला वाटत नाही. वाटलं असतं तर हे लिहायला बसले नसते.

रूथनं पानाचा फोटो काढला. "वर लिहून ठेवू का आत्या, कुठल्या बाजूनं वाचायचं ते? पुढे कुणी वाजवलं तर?" मी म्हटलं, कुणी वाजवणार नाही. तिला गिटार येत नाही. मंडळात ज्यांना येते त्यांना दुसरी गाणी येतात. तरी तिनं पेन पुढे केलं, आणि मी घेतलं. पानाच्या डोक्यावर लिहिलं, "बारीक तार आधी." माझ्या चौथीतल्या अक्षरात, तुझ्या वाकड्या आकड्यांच्या वर. तू लिहायचं सोडलंस ते मी लिहिलं. त्याचा उपयोग नाही हे मला माहीत आहे.

आता एकच सांगायचं राहिलं. त्या कॉर्डखाली तू चार उभ्या रेघा मारल्यात. चार मात्रा धरायची. माझं डाव्या हाताचं पहिलं बोट तुला माहीत आहे, मशीनची सुई आरपार गेली होती ते. त्याचा सांधा आता वाकत नाही. पाचव्या फ्रेटवर ते बळंच बसतं. रोज चार वाजता, तुझा रोजचा फोन यायचा त्या वेळेला, मी पान समोर ठेवते आणि लावून बघते. एक, दोन. तिसऱ्या मात्रेला पहिलं बोट सुटतं आणि त्याच्यामागे बाकीची तिन्ही सुटतात. तू नेलेला वरचा सूर तिथेच मरतो. बारीक तार मात्र वाजत राहते. तिला कुणी धरलेलंच नसतं.